सहावी मूठ

"घे... आणि नीघ वर. ऊन चढायच्या आत पोचलीस म्हणजे बरं."

फडक्यात बांधलेली भाकरी चांगूबाबांनी शकूच्या पुढ्यात ठेवली आणि लेकीच्या तोंडाकडे न बघताच ते अंगणाकडे वळले. दरसालचंच ते गाठोडं! नाचणीच्या दोन भाकऱ्या, एक कांदा, मिठाची पुडी आणि सलोनीसाठी गुळाचा खडा. शिमग्यात गावदेवीची पालखी वाडीवर यायची, घरोघर मुंबईकर पोरंबाळं घेऊन उतरायचे, ढोल-सनईच्या खालूबाजानं डोंगर दुमदुमून जायचा, आणि नेमक्या त्याच दिवशी शकू आपल्या भाचीला हाताला धरून मागच्या दारानं माळावरच्या गवताच्या खोपटीत जाऊन बसायची. पालखी वाडीतून बाहेर पडली की मग खाली उतरायचं. सात वर्षं हे असंच चाललं होतं.

शकू उंबऱ्यात बसून सलोनीची वेणी घालत होती. तिनं शेवटचं पेड घट्ट ओढलं, लाल रिबिनीचं फूल केलं आणि ते गाठोडं हातानं हळूच बाजूला सारलं.

"बाबा, ह्या वर्षी आमी वर जाणार नाय."

चांगूबाबा जागच्या जागी थबकले. आत चुलीपाशी पुरण वाटणाऱ्या वैशालीचा हात थांबला. ओटीवर मोबाईल बघत बसलेल्या दीपेशनं मान वर केली. आणि सलोनी? ती आपली रिबिनीचं टोक तोंडात घालून खुदकन हसली. नऊ वर्षांचं ते लेकरू, अंगापिंडानं धड, डोळे टपोरे, पण बुद्धीनं मात्र दोन-अडीच वर्षांच्या पोराच्या पुढं न गेलेलं. जन्मली तेव्हा रडली नव्हती म्हणे. तेवढंच काय ते तिचं चुकलं, आणि त्याची केवढी शिक्षा!

उमरठच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतली ही तीस उंबऱ्यांची वाडी. शकूचा भाऊ, सलोनीचा बाप दीपेश बायको वैशालीसह मुंबईला, धाकटा भाऊ हृतिकही मुंबईलाच. सलोनी दोन वर्षांची झाली तरी बसेना, बोलेना, तेव्हा 'गावची हवा मानवेल' असं म्हणून दीपेशनं तिला इथं आणून सोडलं. हवा मानवली की नाही ते देवाला ठाऊक, पण लपवायला जागा मात्र बरी मिळाली! कारण मग दोन तोंडांनी एकच खोटं सुरू झालं. मुंबईत खोलीशेजारच्यांना सांगायचं, पोरगी गावाला आजोबांकडे शिकते. आणि गावात कुणी चौकशी केली तर सांगायचं, पोरगी मुंबईला आईबापांकडे असते. शेजारच्या दोन घरांना खरं ठाऊक होतं, बाकी वाडीलाही अंदाज होताच, पण भावकीची अब्रू म्हणून सगळे गप्प. असं ते लेकरू गावातही नव्हतं आणि मुंबईतही नव्हतं. अहो, नऊ महिने पोटात वाढवलेलं मूल ते! चोरीचा माल होता काय दडवून ठेवायला?

पण शकूला खरी टोचणी होती ती दुसऱ्याच गोष्टीची. कारण ते खोटं बोलणारं गावातलं तोंड तिचं स्वतःचंच होतं...

चार वर्षांपूर्वी अंगणवाडीच्या सोनाबाई मोठी वही घेऊन दारात आल्या होत्या. "शकू, दीपेशची पोर इथंच हाय ना गो? नाव घालते. उद्या शाळेत जायला बरं पडंल." आत पडवीत सलोनी डबा वाजवत होती. बाबांनी ओटीवरून नुसती नजर टाकली होती. आणि शकूनं, त्या पोरीला आपल्या ताटातला घास भरवणाऱ्या शकूनं, उंबऱ्यात उभं राहून सांगितलं होतं, "नाय हो बाई, ती मुंबईला असते." सोनाबाईंनी एकदा आतल्या आवाजाकडे कान दिला, एकदा शकूकडे पाहिलं, आणि वहीत 'स्थलांतरित' असं लिहून त्या निघून गेल्या. पुढं शाळेच्या पटावरही नाव चढलं नाही. ज्याची नोंदच नाही त्याची तपासणी कोण करणार, आणि उपचार तरी कोण?

शकू स्वतः दुःखाची धनीण. लग्नानंतर दोन वर्षांत नवरा तापानं गेला आणि ती माहेरी परतली. तीन वर्षांपूर्वी तुडीलहून एका बिजवराचं स्थळ तिच्यासाठी चालून आलं होतं. माणूस शांत, नदीकाठी शेती, पदरात मूलबाळ नाही. शकूच्या मनात इतक्या वर्षांनी काहीतरी हललं होतं. आरशात दोनदा बघितलं होतं तिनं! पण संध्याकाळी बाबा तिच्याजवळ येऊन बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तू गेलीस तर हिला कोण बघणार गो?" बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी शकूनं पाहुण्यांना नकार कळवला. वाडी म्हणाली, हट्टी हाय, नखरे हायत. वैशालीसुद्धा तसंच समजली. शकूनं कुणालाही काही सांगितलं नाही.

आणि मागच्या पावसाळ्यात बाबांच्या मोतीबिंदूसाठी ती महाडला गेली. दवाखान्याच्या मागच्या खोलीत सलोनीसारखीच पाच-सहा मुलं लाकडी ठोकळे डब्यात टाकत बसली होती. त्यांना शिकवणारी एक ताई होती, तेजश्री नावाची. शकू दाराशी खिळून उभी राहिली. कुणी त्या मुलांना लपवत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. आया बाहेर बाकड्यावर बसून भाजी निवडत होत्या! त्यानंतर दर पंधरवड्याला शकू 'बाजाराला जाते' म्हणून सलोनीला घेऊन पोलादपूरहून महाडची एसटी धरू लागली. डोकं पदरानं झाकून, पोरीला खिडकीकडे बसवून.

"ही मुलं शिकतात शकूताई," तेजश्रीनं सांगितलं होतं, "आपल्याला वाटतं त्यापेक्षा हळू, पण शिकतात. आधी हिची मूठ मोकळी करू या. मूठ उघडली की चमचा येईल, बटण येईल, पेन्सिल येईल. फक्त एक लक्षात ठेवा, बोटं ओढून उघडायची नाहीत. ओढलं की ती जास्त आवळते. मनगट खाली वाकवायचं आणि थांबायचं."

थांबायचं! सात महिने शकू थांबत होती. रोज सकाळी तांदूळ पसरलेलं सूप पुढ्यात घेऊन. मूठ भरायला दोन महिने लागले, ती उघडायला पाच. परवा परवा दहातल्या सहा वेळा सलोनीची बोटं आपली आपण सुटू लागली होती, आणि दर वेळी शकू लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती.

महाडला अशा मुलांचा वर्ग होता, गाडी पोलादपूरच्या नाक्यापर्यंत न्यायला यायची. पण तिथं प्रवेश दहा वर्षं पुरी व्हायच्या आतच, आणि सलोनीला जूनमध्ये दहा पुरी होत होती. त्यासाठी अपंगत्वाचा दाखला हवा. दाखल्याच्या तपासणीला अलिबागचे डॉक्टर परवा महाडला येणार होते, आणि तपासणीच्या यादीत नाव गावच्या शाळेकडून जायचं. शाळेच्या अनुपमा मॅडमनी शकूच्या हातात कागद ठेवला होता. "मी नाव घालते, शकूताई. पण दर सर्वेक्षणात तुमच्याच घरानं मूल मुंबईला असतं असं सांगितलंय. मूल इथंच राहतं हे वडिलांनी लिहून सही केली पाहिजे. पालखीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला यादी जाते." तो कागद शकूच्या कमरेला खोचलेला होता.

"वर जाणार नाय म्हणजे?" चांगूबाबांचा आवाज चढला. "आज नाते गावातनं मुलीकडचे पाहुणे येणार हायत, ठाव हाय ना तुला? पालखीच्या निमित्तानं घर बघतो म्हणालेत. हृतिकच्या दोन सोयरिकी मोडल्या, पोरगा तिशीला आला! आणि आजच तुला हिला मांडवात मिरवायचीय?"

"मिरवायची नाय बाबा. दीपेशची सही हवी मला. आणि हिची मूठ घालायचीय."

मूठ! वाडीची ती जुनी रीत होती. पालखी अंगणात आली की घरातल्या माणसामागं एक मूठ तांदूळ सुपात घालायचे, मानकऱ्याला माणसं किती ते सांगायचं, आणि तो तेवढ्या माणसांसाठी देवीला गाऱ्हाणं घालायचा. कुणी बाहेरगावी असलं तर त्याची मूठ घरचा कर्ता घालतो. सात वर्षं माळावर बसलेल्या शकूची मूठ बाबांनी न चुकता घातली होती. सलोनीची मात्र कधीच कुणी घातली नव्हती.

दीपेश उठून जवळ आला. "ताई, टेन्शन नको ना घेऊ. आज हा लफडा नको. दोन दिवसांनी बघू की आपण..."

"दोन दिवसांनी यादी गेलेली असंल, दीपेश. तुझी लेक हाय ती, सही तू करायचीस. करतोस का?"

दीपेशनं बापाकडे पाहिलं. बापानं मान फिरवली. "बाबा म्हणतील तसं," तो पुटपुटला. केवढा धिप्पाड माणूस, पण त्या क्षणी शकूला त्याची कीव आली.

"बाबा," शकू उठून उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते. "तीन वर्सांपूर्वी तुमी माझ्यापाशी मागितलंत... हिला कोण बघणार म्हणालात. मी दिलं. एक शब्द नाय बोलले. तुडीलचं घर, दार, संसार... समदं तुमच्या एका वाक्यावर सोडून दिलं! आज मी मागते. माझ्यासाठी नाय मागत, हिच्यासाठी मागते. त्या वहीत हिला मुंबईला धाडली ती मी धाडली. माझ्या तोंडानं धाडली. आता मीच हिला घरी आणणार. मी भांडत नाय. मी नुसती इथं अंगणात बसून ऱ्हाणार हाय, हिला मांडीवर घेऊन. तुमाला ओढून न्यायची असंल तर न्या."

आत पुरणाच्या वाटणाचा आवाज पुन्हा सुरू झाला नाही.

थोड्या वेळानं वैशाली पडवीत आली. सलोनी सुपापुढं बसून तांदूळ मुठीत भरत होती, आणि शकू तिचं मनगट धरून वाट बघत होती. वैशाली दाराच्या चौकटीला टेकून कितीतरी वेळ बघत राहिली.

"ताई... तुडीलचं ते... माझ्या पोरीपायी सोडलंत तुम्ही? आणि मी... मी तुम्हाला नखरेल म्हणाले होते हो!" तिला हुंदका फुटला. "तुम्हाला सांगू? मुंबईत शेजारणीला मी सांगते, माझ्या सलोनीला चित्रकलेत बक्षीस मिळालं. गेल्या महिन्यात सांगितलं, ती धावण्यात पहिली आली. घरी येऊन बाथरूमचा नळ सोडून रडते मी. दुसरं मूल होऊ दिलं नाही, भीती वाटते म्हणून. हिच्याजवळ यायची पण भीती वाटते. मला बघून ही हसते ना, तेव्हा मला मरून जावंसं वाटतं..."

"रडायला उद्या वेळ हाय वैशाली," शकू म्हणाली. तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता, पण गोंजारणंही नव्हतं. "इथं बस. हिचं मनगट धर. असं खाली वाकव. बोटं ओढू नको. आता गप ऱ्हा आणि थांब."

वैशालीनं सात वर्षांनी लेकीचा हात हातात घेतला. त्या खेपेला मूठ उघडली नाही. पण सलोनीनं दुसऱ्या हातानं आईच्या गालावरचं पाणी पुसून ते चाखून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. रडता रडता वैशालीला हसू आलं.

दुपारी खालूबाजा वाडीत शिरला. नाते गावाहून मुलीचे वडील पांडूशेट आणि त्यांचा भाऊ आधीच येऊन ओटीवर टेकले होते. हृतिक इस्त्रीचा शर्ट घालून पाणी देत होता. चांगूबाबांनी पुन्हा एकदा डोळ्यांनीच शकूला मागच्या दाराकडे खुणावलं. शकू तुळशीजवळ सलोनीला मांडीवर घेऊन बसली होती, ती तशीच बसून राहिली. पाहुण्यांना वाटलं, शेजारचं पोर असेल.

पालखी अंगणात आली. भोयांच्या खांद्यावर ती तशीच ठेवायची असते, खाली टेकवायची नाही. गुलाल उधळला गेला, वैशालीनं भोयांच्या पायांवर पाणी घातलं, औक्षण झालं. मानकरी महादू सूप घेऊन पुढं झाले. चांगूबाबांनी मूठ घातली. मग दीपेशनं, वैशालीनं, हृतिकनं. शेवटी शकू सलोनीला कडेला उभी करून पुढं आली आणि सात वर्षांनी तिनं आपल्या हातानं आपली मूठ सुपात घातली.

"किती माणसं, चांगू?" महादूंनी विचारलं.

"पाच," चांगूबाबा घाईघाईनं म्हणाले.

"सहा!" शकू म्हणाली.

सनईवाल्याचा दम मधेच तुटला. महादूंनी भुवया वर केल्या. "सहावं कोण गो?"

"सलोनी. दीपेश-वैशालीची लेक. मुंबईला नसते ती, काका. कधीच नव्हती. सात वर्सं ह्याच घरात हाय. खोटं मी बोलले, देवीच्या समोर कबूल करते."

अंगणात कुजबुज उठली. "अगो बाई, हीच का ती!" "तरी मी म्हणत होते..." पांडूशेटनी भावाकडे पाहिलं. हृतिकच्या हातातला तांब्या कलंडला. शकूनं कुणाकडेही बघितलं नाही. तिनं सलोनीच्या मुठीत तांदूळ भरले आणि तिला हाताला धरून सुपाजवळ आणलं.

आणि मूठ उघडेचना!

एवढी माणसं, एवढा गुलाल, वाजंत्री... घाबरलेल्या पोरीनं बोटं अशी आवळली की तिची नखं पांढरी झाली. शकूनं मनगट वाकवलं. थांबली. काही नाही. भोई या खांद्यावरून त्या खांद्यावर भार घेऊ लागले. कुणीतरी मागून म्हणालं, "उघडा की गो तिची बोटं! देवीला किती वेळ ताटकळत ठेवायचं?" शरमेनं काळाठिक्कर पडलेला दीपेश पुढं आला आणि त्यानं लेकीच्या मुठीला हात घातला.

"हात लावू नको!" शकूच्या आवाजानं तो दचकून मागं सरला. "ती उघडते. आपली आपण उघडते. तुमी फक्त थांबा. सात वर्सं कुणी थांबलं नाय हिच्यासाठी... आज थोडं थांबा!"

महादूंनी सूप दोन्ही हातांनी तसंच धरून ठेवलं. "देवीनं काय घाई केलेली मला दिसत नाय," ते भोयांकडे बघून शांतपणे म्हणाले. "तुमाला हाय काय?"

वैशाली पुढं झाली आणि सगळ्यांच्या देखत गुलालात गुडघे टेकून लेकीपुढं बसली. "सलू... मी आई गं. थांबलेय मी. तुला हवा तेवढा वेळ घे." शकूनं मनगट धरलेलंच होतं. सलोनीनं आईकडे पाहिलं, मग आत्याकडे... आणि हळूहळू तिची करंगळी सुटली. मग तिच्या शेजारचं बोट. मग सगळा हातच मोकळा झाला. निम्मे तांदूळ सुपात पडले, निम्मे अंगणात सांडले. सलोनीनं स्वतःच टाळ्या पिटल्या, आत्या रोज पिटते तशा.

चांगूबाबा इतका वेळ खांबाला धरून उभे होते. सत्तरी गाठलेला तो ताठ म्हातारा एकाएकी खाली बसला आणि सारवलेल्या जमिनीवरचे तांदूळ वेचू लागला. एकेक दाणा. ऑपरेशन झालेल्या डोळ्यांना पाण्यामुळे धड दिसत नव्हतं, बोटं नुसती चाचपडत होती. वेचलेले दाणे ओंजळीत घेऊन ते उठले आणि त्यांनी ते सुपात ठेवले.

"सहा, महादू," ते म्हणाले. "चुकलो मी. सहा माणसं हायत माझ्या घरात. नाव घेऊन घाल गाऱ्हाणं. सलोनी म्हण... माझी नात."

महादूंनी हात जोडले. "हे आई, ह्या चांगूच्या घरची सहा माणसं तुझ्या पायाशी उभी हायत. त्यात ही धाकटी सलोनी हाय. आजवर तिचं नाव तुझ्या कानी घातलं नाय, ती चूक पदरात घे. तिला मार्ग दाखव, आणि तिला सांभाळणाऱ्या हातांना बळ दे..."

"होय महाराजा!" सगळं अंगण एकदम गरजलं, आणि शकूचे इतका वेळ कोरडे असलेले डोळे घळाघळा वाहू लागले.

मुलीकडचे पाहुणे पुरणपोळी न खाताच उठले. "आमी कळवतो," एवढंच म्हणाले. हृतिकनं इस्त्रीचा शर्ट काढून खाटेवर फेकला आणि तो जो घराबाहेर पडला तो दिवे लागायला परत आला. शकूनं ताट वाढलं, ते त्यानं सरकवून दिलं. त्याचं दुःख काही खोटं नव्हतं. पण पुन्हा तीच वेळ आली असती तर ती पुन्हा तेच करणार होती, हेही तिला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीपेशनं कागदावर सही केली. त्याखाली चांगूबाबांनी न सांगताच आपलीही सही ठोकली, वेडीवाकडी, दोन ओळी अडवून. साडेनऊला शकू शाळेच्या पायरीवर हजर होती. सोनाबाईही तिथं आल्या होत्या. त्यांनी जुनी वही उघडून तो शब्द खोडला आणि तारीख घातली. "मलाबी तेव्हा आतला डबा ऐकू आला होता गो," त्या खाली बघत म्हणाल्या. "मीबी तुझं ऐकून लिवलं. नुसती तुझीच चूक नाय."

तपासणीच्या दिवशी डांबरी रस्त्यापर्यंतच्या उतरणीवर शकू पोरीला घेऊन निघाली, तर वळणावरच्या आंब्याखाली हृतिक उभा. डोळे सुजलेले.

"पांडूशेटचा फोन आला नाय," तो म्हणाला. "येणारबी नाय. मला राग हाय तुझा, ताई. अजून हाय. सांगून ठेवतो." आणि मग तो सलोनीपुढं पाठ करून उकिडवा बसला. "पण ही उतरण तिला जमायची नाय. चल गो, बस पाठीवर. गळा आवळू नको हां!"

सलोनीनं गळा आवळलाच. तो खोकत, शिव्या घालत, तिला सांभाळत उतरला. मागून दीपेश आणि वैशाली येत होते. आणि सगळ्यात मागं, ठेवणीतली टोपी घालून, काठी टेकत चांगूबाबा. घरी थांबा म्हटलं तरी त्यांनी ऐकलं नव्हतं.

महाडला शिबिराच्या व्हरांड्यात केवढी गर्दी! वरंधपासून, बिरवाडीपासून माणसं आली होती. कुणी पोराला कडेवर, कुणी पाठीवर घेऊन. आपल्यासारखीच एवढी घरं आहेत, एवढ्या घरांची मागची दारं आहेत, हे चांगूबाबांना त्या दिवशी कळलं. ते एकेका मुलाकडे बघत राहिले. तेजश्रीनं पुढं येऊन सलोनीचा हात हातात घेतला, आणि सलोनीनं तिच्या तळव्यात आपली मूठ उघडून दाखवली. रिकामीच होती, पण उघडून दाखवली!

डॉक्टरीणबाई मध्यमवयीन, थकलेल्या, पण आवाजानं मऊ. त्यांनी ठोकळे दिले, चित्रं दाखवली, पुष्कळ लिहून घेतलं. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी सहज विचारलं, "आणि तू राहतेस कुठं, बाळा?"

सवयीनं दीपेशचे ओठ हलले. "मुं..." एवढाच आवाज निघाला आणि त्यानं जीभ चावली. वैशालीनं खाली पाहिलं. इतकी वर्षं या एका प्रश्नाचं उत्तर घरातल्या प्रत्येकानं दिलं होतं. एकीनं उंबऱ्यात, एकीनं शेजारणीला, एकानं नुसत्या नजरेनं. जिचं उत्तर होतं तिला मात्र कुणी कधी विचारलंच नव्हतं.

सलोनीनं डॉक्टरांकडे पाहिलं. मग टोपीवाल्या आजोबांकडे, आईबापांकडे, दाराशी उभ्या हृतिककाकाकडे. मग शकूचा पदर ओढून घेतला आणि एकेक अक्षर तोंडातून बाहेर ढकलत ती म्हणाली,

"घ... री."

डॉक्टरीणबाई हसल्या. "शाब्बास! बरोबर आहे." त्यांनी पेन उचललं. "आता घरचा पत्ता कोण सांगतंय?"

"मी सांगतो," चांगूबाबा काठी टेकून पुढं झाले. त्यांनी वाडीचं नाव सांगितलं, उमरठ सांगितलं, तालुका पोलादपूर सांगितला. बाईंनी लिहिलं का ते वाकून बघितलं.

दाखला हाती यायला अजून दिवस लागणार होते. वर्गाचा प्रवेश त्यानंतर. तेजश्रीनं सगळं समजावून सांगितलं आणि शकूनं कागद कमरेला खोचला. बाहेर व्हरांड्यात एक बाकडं रिकामं झालं होतं. चांगूबाबा तिथं बसले आणि त्यांनी पिशवीतून फडक्याचं गाठोडं काढलं. तेच दरसालचं फडकं! म्हाताऱ्यानं सगळ्या गर्दीच्या मधोमध, मांडीवर, गाठ सोडली. सहा भाकऱ्या होत्या, आणि गुळाचा खडा.

"पयली तू खा, शकू," ते म्हणाले. "तुडीलचं घर मी तुला परत देऊ शकत नाय गो. पण माळावर मात्र तुला पुन्यांदा धाडणार नाय."

शकूनं भाकरीचा तुकडा मोडला. तिनं गुळाचा खडा सलोनीच्या तळव्यावर ठेवला, सलोनीनं तो मुठीत गच्च धरला, आणि सगळे जण तिची मूठ उघडायची वाट बघत बसून राहिले.